बद्द

साच्यात वाळू जराशी ओली राहिली होती,
एवढंच.
शिरोलीच्या फौंड्रीत, दुसऱ्या पाळीला,
लोखंड उसळलं
आणि अमोसचे दोन्ही डोळे गेले
पापणी मिटायच्या आत.

मिरजेच्या दवाखान्यात एकवीस दिवस.
पाळकसाहेब आले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला,
मला म्हणाले, देव आपल्या माणसांनाच पारखतो, आवळेबाई.
मी त्यांना थर्मासमधला चहा ओतला.
मनात म्हटलं,
मग त्यानं थोडे दिवस
दुसऱ्या कुणाला तरी आपलं म्हणावं.

कंपनीनं भरपाईचा कागद दिला. कागदच.
सुवार्ता शाळेतून आली की
हुपरीच्या पैंजणांना घुंगरं जोडत बसायची,
मी कदमवाडीत तीन घरची धुणी धरली.
मंगळसूत्र घेऊन गुजरीत गेले.
सोनार म्हणाला, मधला क्रूसही सोन्याचाच दिसतोय की, काकी.
म्हटलं, तो राहू दे.
ज्याच्यावर रुसले होते
त्याचीच खूण काळ्या दोऱ्यात ओवून
भर उन्हात घरी चालत आले.

रविवारी मात्र जात राहिले.
का, ते आजही सांगता येत नाही.
सगळ्यांबरोबर उभी राहून प्रार्थना म्हणायचे,
त्याच्या इच्छेची ओळ आली की ओठ मिटायचे,
भाकरीपाशी पुन्हा सुरू व्हायचे.
भाकर तर पाहिजेच होती.
अमोस शेजारी उभा राहायचा.
एकोणीस वर्षं ज्याच्या गळ्यावर अख्खी मंडळी गायची
तो नुसता उभा.

घरी तो वस्तू ठोकत बसायचा.
तांब्या, ताट, उंबरा, खिडकीचा गज.
रात्री दोनला टण टण.
मला वाटलं, डोळ्यांमागून आता डोकंही चाललं.
मग एकदा फोरमन चौगुले बघायला आले.
अमोसनं त्यांच्या कपाला नखानं टिचकी मारली,
म्हणाला, ह्याला चीर हाय, बदल गं.
मी उजेडात धरून पाहिला.
केसाएवढी.

तेव्हापासून तो फेटलिंगच्या शेडमध्ये
पालथ्या डब्यावर बसतो, हातात लहान हातोडी.
पुढ्यात कास्टिंग येतं, तो ठोकतो, मान कलती करून ऐकतो.
खणखणलं तर उजवीकडे.
बद्द वाजलं तर डावीकडे.

एकदा डबा द्यायला गेले होते.
डावीकडचा ढीग मोठा होता. पोटात कालवलं.
विचारलं, ह्यांचं काय करता?
परत भट्टीत.
टाकून नाही देत?
हसला. लोखंड कुठं टाकून देतात व्हय?
मग एकाला हात लावून झटकन मागं घेतला,
पोरावर ओरडला,
गरम माल का आणलास रं?
गरम असताना समदंच बद्द वाजतंय,
थंड होऊ दे, मग आण.

तो मालाबद्दलच बोलत होता.
मी बसमध्ये तावडे हॉटेलपर्यंत रडत आले,
कंडक्टरनं तिकीटही मागितलं नाही.

पुढचा रविवार.
इच्छेची ओळ आली.
ओठ मिटले नाहीत या वेळी,
पण आवाज निघाला तो फुटका, घोगरा,
पुढच्या बाकावरची बाई वळून बघेल असा.
अमोसची मान कलती झाली.
मला माहीत आहे ती मान.

बाहेर पडून चपला घालताना विचारलं,
ऐकलंस ना? कुठल्या ढिगात टाकतोस?

त्यानं माझा खांदा चाचपला,
बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं, हलकेच.
म्हणाला,
अजून गरम हाईस.
थांब जरा.